वाहाका ते डॅलस, गाडीने: पुलाच्या अलीकडचं काम आधी

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका राज्य आहे. स्पेलिंगवरून 'ओअक्साका' वाचाल, तिथे कुणाला कळणार नाही. झापोतेक, मिश्तेक अशा भाषांत बायबलचं भाषांतर करणारी अमेरिकन मिशनरी कुटुंबं इथे पूर्वीपासून राहतात. काही वर्षं गावात काढायची, मग काही महिने मायदेशी. त्या सुट्टीला ते 'फर्लो' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द तुरुंगाच्या बातम्यांतच भेटतो. मुलं, वह्या-पुस्तकं आणि कधी कुत्राही सोबत असल्यामुळे विमानापेक्षा गाडी बरी पडते. वाहाका ते लरेडो (टेक्सासचं सीमेवरचं शहर; नदीवरच्या पुलापलीकडे मेक्सिकोचं न्युएवो लरेडो) सुमारे 1,600 किमी, पुढे डॅलस आणखी 690. सीमेपर्यंत तीन दिवस, चौथ्या दिवशी घर.

पासपोर्ट सगळे तपासतात. विसरतो तो गाडीच्या काचेवरचा स्टिकर. परदेशी नंबरप्लेटची गाडी मेक्सिकोत आत न्यायची तर तात्पुरत्या आयातीचा परवाना लागतो; काचेवरचा स्टिकर म्हणजे तोच. तो बानहेर्सितो, म्हणजे तिथली लष्कराची बँक, देते आणि अनामत घेते: 2007 आणि नंतरच्या मॉडेलला 400 डॉलर, 2001 ते 2006 ला 300, त्याआधीच्या गाडीला 200. परत जाताना हा परवाना सीमेवरच, मेक्सिकोच्या बाजूलाच रद्द करून घ्यावा लागतो. कर्मचारी चेसिस नंबर जुळवतो, स्टिकर स्वतः काढतो आणि रद्द केल्याची पावती देतो. स्टिकर आपण आधी खरवडू नये. सीमेच्या पुलावर चढलात की संधी गेली. मग गाडी घेऊनच परत यावं लागतं, नुसते कागद चालत नाहीत. रद्द न केल्यास अनामत बुडते आणि त्या नावावर पुढची गाडी आत नेता येत नाही. कार्डाने भरलेली अनामत त्याच कार्डावर परत येते, त्यामुळे ते कार्ड मधल्या काळात बंद करू नका.

दुसरी गोम मुदतीची. तात्पुरतं निवासी कार्ड असलेल्यांच्या परवान्याची मुदत त्या कार्डाला बांधलेली असते. कार्डाचं नूतनीकरण झालं तरी कस्टम्सला वेगळं कळवावं लागतं, नाहीतर कागदावर जुनी तारीखच राहते. मुदत संपलेली असेल तर निघण्याआधीच करखात्याकडून 'रेतोर्नो सेगुरो' ही परवानगी घ्या. ती फक्त गाडी सीमेपर्यंत नेण्यापुरती असते. फर्लोच्या काळात निवासी कार्डच संपणार असेल तर संपल्यापासून 55 दिवसांच्या आत मेक्सिकोत परतावं लागतं.

पहिला दिवस वाहाका, पुएब्ला, केरेतारो: साधारण 640 किमी. मेक्सिको सिटीत शिरू नका. तिथे बाहेरच्या प्लेटच्या गाड्यांना सोमवार ते शुक्रवार सकाळी 5 ते 11 बंदी, शिवाय आठवड्यात एक दिवस आणि शनिवारीही बंदी. सान मार्तिन तेक्समेलुकानजवळ आर्को नोर्ते हा बाह्यवळण टोलरस्ता धरा. त्या रस्त्यावर पंप कमी आहेत, टाकी आधीच फुल करा. आत शिरताना मिळालेलं तिकीट जपून ठेवा, पैसे बाहेर पडताना अंतरानुसार द्यायचे असतात. टोलनाक्यांवर रोख पेसो आणि सुट्टे हवेत. पावती फेकू नका, टोलमध्ये अपघात विमाही असतो.

पंपावर पोरं गाडी भरून देतात. हिरवी नळी साधं पेट्रोल, लाल प्रीमियम. मीटर शून्यावर आहे का ते बघा; हे मराठी माणसाला सांगायला नको.

दुसरा दिवस सान लुईस पोतोसी, मातेउआला, साल्तियो: 650 किमी, बहुतेक 57 नंबरचा महामार्ग. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो त्याचे दोन अर्थ होतात: 'ओव्हरटेक कर' किंवा 'मी डावीकडे वळतोय'. आपल्याकडचा ड्रायव्हर निदान हात तरी दाखवतो. वळण किंवा फाटा दिसत असेल तर थांबाच. गावांतले 'तोपे', म्हणजे गतिरोधक, कित्येकदा रंगवलेले नसतात. टपावर आणि डिकीत लादलेली गाडी खालून घासते. स्टेपनीची हवा निघण्याआधी तपासा आणि ती सामानाच्या तळाशी गाडू नका. गाडी बंद पडली तर 078 वर फोन करा. 'आंखेलेस वेर्देस' या सरकारी रस्ता-मदत सेवेची हिरवी गाडी येते; मजुरी फुकट, पार्ट आणि तेलाचे पैसे आपले. रात्री मात्र चालवू नका.

तिसऱ्या दिवशी साल्तियोहून पहाटे निघा. मोंतेर्रेइपर्यंत घाटात थंडीत धुकं असतं. पुढे न्युएवो लरेडो तामाउलिपास राज्यात येतं, आणि अमेरिकन सरकार आपल्या नागरिकांना तिथे जाऊ नका असंच सांगतं. म्हणून बरेच जण न्युएवो लेऑन राज्यातला कोलंबिया पूल घेतात. तो शहरापासून साधारण 35 किमी वायव्येला आहे, पण चोवीस तास उघडा नसतो. तिथल्या बानहेर्सितोची वेळ वेगळी तपासा. शहरातूनच जायचं तर परवान्याचं कार्यालय दुसऱ्या पुलाजवळ नदीकाठी आहे.

अमेरिकन बाजूला खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा. ताजा आंबा, पेरू, संत्री, डुकराचं मांस, त्याचे तामालेस (मक्याच्या पिठात भरून वाफवलेले) हे सगळं काढून घेतात. जाहीर केलंत तर तेवढ्यावर भागतं, लपवलंत तर दंड. भाजलेली कॉफी चालते. भेट आलेली मेझकाल, म्हणजे अगाव्हेची दारू, असेल तर टेक्सासचा दारूकर पुलावरच भरावा लागतो, मिशनरी असलात तरी. सगळ्या कुटुंबाची मिळून रोकड 10,000 डॉलरच्या वर असेल तर फॉर्म भरायचा. चर्चचे पैसे रोख नेणारे इथेच अडकतात.

कुत्रा सहा महिन्यांच्या वरचा हवा, चिप आणि ऑनलाइन फॉर्मची पावतीही. स्क्रूवर्म या मांस खाणाऱ्या माशीच्या अळ्या नाहीत असा पाच दिवसांच्या आतला दाखलाही लागतो, त्यामुळे तो निघण्याच्या आदल्या दिवशीच काढलेला बरा. वाहाकात जन्मलेल्या बाळाचा अमेरिकन पासपोर्ट काही महिने आधी काढायला घ्या; मेक्सिकन जन्मदाखल्यावर नागरिकत्व सिद्ध होत नाही. केरेतारो-मोंतेर्रेइकडून याच रस्त्याने येणाऱ्या मराठी मंडळींना भारतीय पासपोर्टवर व्हिसाबरोबर आय-94, म्हणजे प्रवेशाची नोंद, लागतो; त्याचा अर्ज पोहोचण्याआधीच्या सात दिवसांत ऑनलाइन करता येतो, खिडकीवरचा वेळ वाचतो.

मेक्सिकोचा गाडीविमा पुलावर संपतो आणि अमेरिकन पॉलिसी मेक्सिकोत चालत नाही, म्हणून दोन्हींच्या तारखा एक दिवस एकमेकींवर येऊ द्या. लरेडो सुटलं की आय-35 महामार्गावर 29 व्या मैलाला बॉर्डर पेट्रोलची चौकी आहे, तोवर पासपोर्ट डिकीत टाकू नका.