अंगठी देऊन टाकणारा मुलगा

अमळनेरला आमच्या गल्लीत कबड्डीचे संघ पाडताना काटकुळ्या मुलांना शेवटी घेत असत. मीही त्यांतलाच असल्याने ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू जोनाथन थर्स्टन याची सुरुवातीची कारकीर्द मला जवळची वाटते. १९८३ साली ब्रिस्बेनमध्ये जन्मलेल्या या मुलाला, अंगकाठी किरकोळ म्हणून, अनेक क्लबांनी नाकारले होते. रग्बी लीगमध्ये दोन्ही बाजूंचे तेरा-तेरा गडी एकमेकांच्या अंगावर धावून जातात. आपली कबड्डीतली पकड त्यापुढे सौम्यच म्हणायची.

२००२ मध्ये कँटरबरी बुलडॉग्जकडून त्याने पदार्पण केले. ऑस्ट्रेलियातल्या मुख्य रग्बी लीग स्पर्धेच्या २००४ च्या अंतिम सामन्याला कर्णधार स्टीव्ह प्राइस दुखापतीमुळे मुकला, थर्स्टनला राखीव खेळाडूंत जागा मिळाली आणि सिडनी रूस्टर्सवर १६-१३ असा विजय मिळाल्यावर त्याने आपली विजेतेपदाची अंगठी प्राइसलाच देऊन टाकली. एकविसाव्या वर्षी हे सुचावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पुढच्याच वर्षी तो नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजकडे गेला, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे मानाचे डॅली एम पदक पटकावले आणि त्या संघाने प्रथमच अंतिम सामना गाठला. तिथे मात्र वेस्ट्स टायगर्सने त्यांना ३०-१६ असे हरवले.