तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं शिकवलं, तर गुन्हा कसा?

हा प्रश्न मला विद्यार्थी दरवर्षी विचारतात. मी विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा शिकवते. योवित्सा स्टानिशिच आणि फ्रांको सिमातोविच या सर्बियाच्या गुप्तचर अधिकाऱ्यांचा खटला निघाला की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, या दोघांनी तर एकही गोळी झाडली नाही." पण हा प्रश्न सगळ्यांत जिव्हारी लागेल असा विचारला तो माझ्या मामांनी. मामा तीस वर्षं पोलिस प्रशिक्षण केंद्रात कवायत आणि शस्त्रं शिकवत होते. ते म्हणाले, "माझ्या हाताखालून गेलेला एखादा पोरगा पुढे वाईट वागला, तर मीही दोषी का गं?"

मामांना तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहिते.

स्टानिशिच हा सर्बियाच्या राज्य सुरक्षा विभागाचा प्रमुख. हा विभाग म्हणजे तिथली गुप्तचर यंत्रणा, तेव्हाचा सर्बियाचा अध्यक्ष मिलोशेविच याच्या सत्तेचा कणा. सिमातोविच त्याचा हाताखालचा अधिकारी, त्यांच्या विशेष तुकडीचा कर्ताधर्ता. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया, म्हणजे सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया वगैरे राज्यांचा संघ, फुटू लागला आणि युद्ध पेटलं, तेव्हा क्रोएशियातल्या क्निन शहराजवळ गोलुबिच इथे प्रशिक्षण शिबिर उभं राहिलं. मग आणखी शिबिरं निघाली. तिथे स्थानिक सर्ब तरुणांना शस्त्रं चालवायला शिकवलं जाई आणि त्यांतले काहीजण पुढे दुसऱ्यांना शिकवत. सर्बिया या युद्धात नाही, असं बेलग्रेडचं सरकार जगाला सांगत होतं. त्यामुळे हे सारं काम गणवेशातल्या लष्कराऐवजी गुप्तचर विभागाच्या पैशांवर आणि माणसांवर चालणं सोयीचं होतं.

गोलुबिचपाशीच थांबलो तर मामांचा प्रश्न बरोबर वाटतो. म्हणून बोसान्स्की शामाट्सला जावं लागतं. उत्तर बोस्नियातलं हे लहानसं गाव. क्रोएशियातल्या इलोकजवळच्या पायझोश शिबिरात तयार झालेली माणसं एप्रिल १९९२ मध्ये हेलिकॉप्टरने या भागात उतरवली गेली. सुमारे पन्नास जण, काही सर्बियातले, काही त्याच भागातले. १७ एप्रिलला त्यांनी इतर सर्ब दलांबरोबर गाव ताब्यात घेतलं. मुस्लिम आणि क्रोएट लोकांना धरून कोंडलं, मारहाण केली, हाकलून दिलं. ७ मेच्या रात्री जवळच्या त्सर्कविना इथल्या गोदामात कोंडलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. किमान सोळा जण मेले. वर्गात हे सांगताना मी 'सोळा' म्हणून थांबते, आणि दरवेळी शब्द घशात अडकतो.

आता न्यायालयाचं. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणाने ३० मे २०१३ ला दोघांनाही निर्दोष सोडलं. दोन विरुद्ध एक असा निकाल. त्यांनी तुकडी उभारली, माणसं तयार करायला मदत केली, पैसा पुरवला, हे बहुमताला मान्य होतं. पण या मदतीचा रोख थेट गुन्ह्याकडेच होता असं सिद्ध झालं नाही, असं ते म्हणाले. न्यायमूर्ती मिशेल पिकार यांनी भिन्नमत नोंदवलं. इतकं असूनही या दोघांनी गुन्ह्याला साहाय्य केलं असं म्हणता येत नसेल, तर आंतरराष्ट्रीय कायदा अंधाऱ्या जागी येऊन ठेपला आहे, असा त्यांचा आशय. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला आणि फेरखटला चालला. जून २०२१ मध्ये दोघांना बारा वर्षांची शिक्षा झाली, पण फक्त शामाट्समधल्या गुन्ह्यांना साहाय्य केल्याबद्दल. अखेर ३१ मे २०२३ ला अपिलीय निकालाने त्यांना सामायिक गुन्हेगारी योजनेतलेच भागीदार ठरवलं आणि शिक्षा पंधरा वर्षांची केली. निर्दोष सुटल्याला दहा वर्षं आणि एक दिवस झाला होता. सामायिक योजनेची ही कल्पना आपल्याकडच्या वकिलांना परकी वाटू नये: समान हेतूने मिळून केलेल्या कृत्याला सगळेच जबाबदार, असं सांगणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३४ त्यांनी ती संहिता २०२४ मध्ये जाईपर्यंत वर्षानुवर्षं वापरलं.

१९९५ मध्ये बोस्नियातल्या सर्बांनी ओलीस धरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांना सोडवायला स्टानिशिचने मदत केली होती, असंही मला ऐकवतात. केली होती. त्याने त्सर्कविनाच्या गोदामाचा हिशेब मिटत नाही.

मामांना मात्र मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, सर्बियातल्या कुला इथल्या समारंभाची. १९९७ मध्ये सिमातोविचच्या विशेष तुकडीच्या मुख्यालयात मिलोशेविच आला होता, त्याची चित्रफीत न्यायालयात दाखवली गेली. तो रांगेतल्या माणसांशी हस्तांदोलन करत पुढे सरकतो आणि बोझोविच नावाच्या अधिकाऱ्याला सांगतो की तुमचे अहवाल मी वाचलेत. सिमातोविच भाषणात तुकडीचा जन्म मे १९९१ मधला सांगतो आणि उभारलेल्या शिबिरांची संख्या सव्वीस. समारंभातलं भाषण म्हणजे शपथेवरची साक्ष नव्हे, हे मलाही कळतं. पण अहवाल वर जात होते आणि वाचले जात होते.

दुसरी गोष्ट भत्त्याच्या याद्यांची. तुकडीतल्या माणसांना दैनिक भत्ता मिळायचा आणि त्याचे कागद सुरक्षा विभागाच्या दप्तरात राहिले. नावं, दिवस, रकमा. युद्धात नसलेल्या देशाच्या दप्तरात!

हे ऐकल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे एक दिवसाचा भत्ता काढायचा तर चार टेबलं फिरावी लागत. कोण कुठे आहे, ते वरच्याला ठाऊक असल्याशिवाय पैसा सुटत नसे."

मी म्हटलं, "मामा, तुमचा पोरगा वाईट वागल्याचं कळलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

"दुसऱ्याच दिवशी रायफल काढून घेतली असती."

शामाट्सनंतरही शिबिरं चालू राहिली, मामा. भत्तेही.