स्टँड-अप रोज, रिलीज मात्र तिमाहीला

आमच्या कंपनीत अ‍ॅजाइल आलं ते वरच्या आदेशाने. सॉफ्टवेअर छोट्या-छोट्या टप्प्यांत बनवून देण्याची ही पद्धत. प्रशिक्षणं झाली, प्रोजेक्ट मॅनेजर स्क्रम मास्टर (टीमला ही पद्धत पाळायला मदत करणारे) झाले, रोजचं पंधरा मिनिटांचं स्टँड-अप, म्हणजे उभ्याउभ्या घ्यायची बैठक, सुरू झालं. कामाची रीत मात्र जुनीच. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, संपला की कोड टेस्टिंग विभागाच्या रांगेत, तिथून सिक्युरिटीकडे, मग बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीपुढे. वापरणाऱ्यांच्या हाती काही पडायचं ते तिमाही संपताना.

मला हे फार खटकायचं. २००१च्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यात आणि त्याच्या तत्त्वांत स्टँड-अपचा उल्लेखही नाही. चालणारं सॉफ्टवेअर वारंवार, शक्य तितक्या कमी अंतराने द्यावं, हे मात्र स्वच्छ लिहिलंय.

मग मी एका छोट्याशा बदलाचा सगळा प्रवास तारखांसकट फळ्यावर मांडला. प्रत्यक्ष काम थोडंसंच, बाकी सगळी वाट पाहणं. टेस्टिंगच्या प्रमुख मॅडमना तो दाखवला, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या स्प्रिंटचं काम एकदम आणून टाकता. आम्ही सुरुवात तरी कुठून करायची?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यांनी एक टेस्टर आमच्या टीममध्ये बसवली आणि स्टोरी (वापरणाऱ्याला काय हवंय याची छोटी नोंद) लिहितानाच ती तपासायची कशी हे ठरू लागलं. आठवडेच्या आठवडे वेगळ्या ठेवलेल्या ब्रांच, म्हणजे कोडच्या स्वतंत्र शाखा, आम्ही बंद केल्या. रोज मेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडमध्ये, मर्ज, प्रत्येक कमिटवर (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलावर) ऑटोमेटेड टेस्ट, आणि अर्धवट फीचर फ्लॅगमागे, म्हणजे चालू-बंद करता येणाऱ्या खटक्यामागे, बंद. सुरुवातीला बिल्ड, म्हणजे सगळा कोड एकत्र करून तयार होणारं सॉफ्टवेअर, सारखं तुटायचं. तुटलं की हातातलं काम बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करायचं, हा नियम अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

समितीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. रात्री सिस्टिम बंद पडली तर फोन त्यांनाच जातो, त्यामुळे त्यांची भीती खरी होती. आम्ही त्यांच्यासमोर एक बदल सोडला आणि लगेच मागे घेऊन दाखवला. कोणी काय बदललं, कोणत्या टेस्ट चालल्या, सगळी नोंद आपोआप होत होती. आयटीआयएल या आयटी सेवा सांभाळण्याच्या मार्गदर्शक चौकटीत कमी जोखमीच्या, ठरावीक पद्धतीच्या बदलांना पूर्वमंजुरी देण्याची सोय आहेच. समितीने तीच आम्हाला लागू केली.

आता छोटे बदल तयार झाले की जातात. डेटाबेसची रचना बदलायची असेल तर अजूनही समितीपुढे जावं लागतं, आणि ते मला पटतं. तिथे मागे फिरणं सोपं नसतं.