बिडाचं बोरिंग आणि रंगाचं पाणी

इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या) ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवर, घेतलेली चाचणी अजून डोक्यातून जात नाही. बेत असा होता: कोल्हापूरकडच्या वर्कशॉपमधून निघणारं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) बोरिंग, म्हणजे कापताना पडणारा चुरा, उत्प्रेरक म्हणून घ्यायचं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोडीने पाण्यातला रंग फोडायचा. टाकाऊ मालातून इलाज, म्हणून मालक खूश. पण बोरिंग फुकट नसतं. फाउंड्रीवाले ते पुन्हा भट्टीत घालतात, त्यामुळे भंगाराच्या बाजारात त्याला भाव आहे.

राखाडी बीड बहुतेक कोरडंच कापतात, त्यामुळे चुरा सुटा मिळतो आणि तेल कमी. तरी पोत्यात स्टीलचा कीस आणि कूलंट (कापताना वापरतात तो तेलकट द्रव) लागलेला माल असतोच. लोहचुंबकाचा उपयोग नाही, दोन्ही चिकटतात. हाताने निवडायचं: वेटोळं ते स्टील, तुकडा ते बीड. मग 3 टक्के कॉस्टिक सोड्याच्या 60-70 अंश गरम पाण्यात ढवळून तेल काढायचं, धुवायचं, 1 टक्का गंधकाम्लात पाच मिनिटं फिरवून गंज उतरवायचा आणि लगेच वापरायचं. रात्रभर ओलं राहिलं की सकाळी त्याची वीट झालेली असते. टाकीत भरून ठेवलेल्या थराचंही हेच होतं. गंजाने कण एकमेकांना धरतात आणि पाणी एकाच वाटेने निघून जातं. म्हणून आम्ही थर न लावता 200 लिटरच्या पिंपात 4 किलो बोरिंग घालून ढवळलं. बिडात 3 ते 4 टक्के कार्बन असतो, बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांत. लोखंड आणि ग्राफाइट मिळून पाण्यात बारीक बारीक बॅटरीसारखे सेल तयार होतात, म्हणून साध्या स्टीलपेक्षा बीड जोमाने काम करतं.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईचं पाणी सोडा अ‍ॅशमुळे पीएच 10-11 वर असतं. ही क्रिया आम्लात चालते, म्हणून ते 3 वर आणताना कार्बन डायऑक्साइड सुटून पिंप फेसाने उतू जातं, त्यामुळे अ‍ॅसिड सावकाश. बरं, एकदा 3 वर आणून भागत नाही. लोखंड अ‍ॅसिड खातं, वीस मिनिटांत पीएच 4.5 च्या वर गेला.

काळ्या रंगाचं पाणी पेरॉक्साइड घालायच्या आधीच फिकट पडलं आणि सगळे खूश झाले. इथेच बहुतेक जण फसतात. लोखंडाने फक्त अ‍ॅझो बंध (रंग देणारा नायट्रोजन-नायट्रोजन जोड) तुटतो. मागे राहतात अ‍ॅरोमॅटिक अमाइन, बिनरंगी आणि रंगापेक्षा वाईट. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन, जवळपास तेवढाच. ऊर्ध्वपातित पाण्यात मेथिलीन ब्लू हा रंग घालून ‘99 टक्के विघटन’ शोधनिबंधांत छापणाऱ्यांनी पेरॉक्साइडशिवायची चाचणीही छापावी. अर्धा रंग उत्प्रेरकाला नुसता चिकटलेला असू शकतो.

मग पेरॉक्साइड, लिटरला 2.5 ग्रॅम. सुरुवातीचा सीओडी लिटरला 1200 मिलिग्रॅम होता आणि हिशेबाने 1 ग्रॅम सीओडीला 2.1 ग्रॅम पेरॉक्साइड लागतं. तासाभराने प्रयोगशाळेने 810 सांगितला आणि चाचणी फसली असं जाहीर करून टाकलं. त्या पाण्यात पेरॉक्साइड शिल्लक आहे का, हे कोणी पाहिलंच नव्हतं. सीओडीच्या चाचणीतलं डायक्रोमेट पेरॉक्साइडलाही ऑक्सिडाइझ करतं, दर मिलिग्रॅमला 0.47 मिलिग्रॅम खोटा सीओडी दिसतो. ब्लीचिंग खात्यातल्या पेरॉक्साइड मोजायच्या पट्ट्या मागवल्या. त्या थोड्याच पल्ल्याच्या, म्हणून नमुना पातळ करून बुडवल्या. लिटरला साधारण 640 मिलिग्रॅम पेरॉक्साइड निघालं, म्हणजे 300 खोटे आणि खरा सीओडी 510. पुढचे नमुने पीएच 7 वर आणून, ब्लीचिंगनंतर वापरतात तो पेरॉक्साइड किलर घालून मगच तपासले. पाणी बाहेर सोडण्यासाठीची 250 ची मर्यादा तरी लांबच, पण जिवाणूंच्या टाकीला पाठवण्याजोगं पाणी झालं.

खरा प्रश्न वेगळाच. पंधरा मिनिटांनी थोडं पाणी गाळून बोरिंगपासून वेगळं ठेवलं होतं. त्यातही सीओडी जवळपास तेवढाच उतरला. म्हणजे काम बोरिंगचा पृष्ठभाग करत नव्हता, विरघळलेलं लोह करत होतं, लिटरला 350 मिलिग्रॅम. हे तर हिराकस (फेरस सल्फेट) टाकूनही होतं, लिटरला पावणेदोन ग्रॅम लागेल. उलट पेरॉक्साइड थेट बोरिंगवर ओतलं की बरंचसं पाणी आणि ऑक्सिजन होऊन वाया जातं. चांगला निकाल आला तो दोन टप्प्यांत: अर्धा तास बोरिंग, मग पाणी दुसऱ्या पिंपात काढून तिथे पेरॉक्साइड.

शेवटी चुना घालून पीएच वाढवला की हे सगळं लोह गाळ होऊन बसतं. रोज एक लाख लिटर पाणी धरलं तर 67 किलो कोरडा लोहगाळ, फिल्टर प्रेसमधून 330 किलोच्या आसपास ओला केक, वर चुन्याचा जिप्सम वेगळाच. घातक कचरा म्हणून तो रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला जाणार, आणि ते भाडं मालकांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

निळसर-हिरव्या टर्क्वॉइजच्या पाण्यावर तर पहिला टप्पा पांगळाच पडला. तो तांब्याचा थॅलोसायनिन रंग, त्यात तोडायला अ‍ॅझो बंधच नाही. पेरॉक्साइडने तो फुटतो, पण मग तांबं मोकळं होऊन गाळात उतरतं. मी अहवालात लिहिलं की काळ्या-लाल (अ‍ॅझो) रंगांचं पाणी वेगळं साठवता येत असेल तरच बोरिंग लावा. तिथे सगळ्या मशिनांचं पाणी एकाच गटारात पडतं.