एक्स-रे रूमचं दार

मी पालिकेच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे, सतरा वर्षं झाली. आमच्या खात्याला तसं कोण विचारत नाही, पेशंट येतो, "हलू नका" ऐकतो आणि जातो. पण कॅज्युअल्टीच्या मजल्यावर नातेवाइकाला बाहेर ठेवणारी खोली आमची एकटीच, रेडिएशनमुळे. त्याचा असा उपयोग होईल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यातला शनिवार. तिशीची बाई, डावा हात ओढणीत बांधलेला, सोबत नवरा. मी काही विचारायच्या आत तोच बोलला, मोरीत घसरली, जरा लवकर करा, मला नाइट ड्युटी आहे. त्याला बाहेर बसवला आणि दार लावलं. हात सुजून टम्म, त्यात हिरव्या बांगड्या रुतलेल्या, फोटो काढायचा तर त्या काढायलाच हव्यात. साबण लावून बघितलं, निघेनात. शेवटी म्हटलं, ताई, फोडाव्या लागतील. तर ती एवढ्या दुखण्यात मला म्हणते, "फोडा नका म्हणू भाऊ, वाढवा म्हणा."

वाढवल्या एकेक करून, कापडाखाली धरून.

फोटो स्क्रीनवर आला आणि मी जरा थांबलो. मोरीत पडलेला माणूस हात टेकतो, बहुतेक वेळा मनगट जातं, असे रोज दोन-तीन येतात माझ्याकडे. हिचं मनगट धड होतं, अल्ना, म्हणजे कोपर ते मनगट करंगळीकडचं हाड, मधोमध तुटलेली, फक्त अल्ना. डोक्यावर येणारा वार अडवायला हात आडवा धरला की हे हाड असं जातं. रिपोर्ट करणं माझं काम नाही, पण एवढी वर्षं बघून डोळ्याला कळतं. त्यात तिला खोल श्वासही घेता येत नव्हता. मी माझा हात तोंडासमोर आडवा धरून दाखवला, म्हटलं, ताई, असा केला होता का?

तिने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "धुण्याचा दांडका होता."

(नंतर समुपदेशक मॅडमनी मला झापलं, असं उत्तर तोंडात द्यायचं नसतं, सरळ विचारायचं, घरी कोणी मारतं का, आणि गप्प राहायचं. बरोबर आहे त्यांचं.)

डॉक्टरांना सांगून छातीचा फोटो लिहून घेतला. एक बरगडी ताजी मोडलेली, दोन जुन्या, जुळून आलेल्या, म्हणजे हे आजचं नव्हतं. डॉक्टर मॅडम नवीन होत्या पण पक्क्या, लगेच एमएलसी केली, म्हणजे पोलिसांकडे जाणारी मेडिको-लीगल नोंद. चौकीतला हवालदार आला, कागद बघून म्हणाला, घरचा मामला आहे, उद्या दोघं एकत्र जेवतील, कशाला वाढवता. इथे पण वाढवणंच! मॅडमनी त्याला फक्त सही कुठे करायची ते दाखवलं.

खरी अडचण पुढे होती. समुपदेशक शनिवारी दुपारीच जातात, आणि बाई म्हणते मला तक्रार नको, पोरं शेजारी ठेवलीत, घरी जाऊ द्या. २००० साली वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात पालिकेने आणि सेहत संस्थेने मिळून घरी मार खाणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, नंतर ते बाकी हॉस्पिटलांतही गेलं, आमच्या समुपदेशक मॅडम त्याच पठडीतल्या. फोन केला तर त्या लोकलमध्ये होत्या, तिथूनच सांगितलं, जबरदस्ती करू नका, पण जमलं तर एक रात्र ॲडमिट करा. बाईने शेजारणीला फोन करून पोरांचं विचारलं आणि मग हो म्हणाली. कागदावर लिहिलं ऑब्झर्व्हेशन. नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, मग डबा कोण करणार.

रविवारी मॅडम सुट्टीच्या दिवशी आल्या. नवरा सांगत होता, घर आईच्या नावावर आहे, यायचं तर माफी मागून ये. मॅडमनी बाईला सांगितलं, घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, त्यात राहत्या घरातून तुला कायदेशीर प्रक्रियेशिवाय काढता येत नाही, घर सासूच्या नावावर असलं तरी, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. ती दोनदा म्हणाली, खरंच? सासरी नांदून इतकी वर्षं झाली आणि हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. अर्ज ६० दिवसांत निकालात काढायचा प्रयत्न करावा असंही कायद्यात आहे, ते सांगताना मात्र मॅडम स्वतःच हसल्या.

२०१३ ला शक्ती मिलची सामूहिक बलात्काराची केस झाली तेव्हा आमच्या कँटीनमध्ये सगळे फाशी फाशी करत होते, मीपण. आता त्यावर वाद घालत नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे की मार किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या शंभर बायकांपैकी १४ जणींनीच कुठे मदत मागितली. बाकीच्या कोर्टापर्यंत जातच नाहीत, शिक्षा कितीही कडक करा. त्या येतात आमच्याकडे, हात मोडला म्हणून, आणि दोन मिनिटं दार लावून कोणी विचारत नाही. देशाने काय करावं विचाराल तर मी तरी इथूनच सुरुवात करीन, आणि ती मॅडम शनिवारी संध्याकाळीपण खुर्चीत असेल असं बघीन.

सहा आठवड्यांनी ती चेक फोटोला आली, बहिणीसोबत. नवरा घरातच आहे, पण एमएलसीचा कागद आहे कळल्यापासून हात उचललेला नाही, "आतापर्यंत तरी" म्हणाली. रेशनकार्ड, पोरांचे दाखले बहिणीकडे ठेवलेत. कोर्टात अर्ज टाकलाय, तारीख पडलीये.

मी मग कपडे बदलायच्या कोपऱ्यात एक कागद चिकटवला, खाली १८१ आणि १०३ हे बायकांच्या हेल्पलाइनचे नंबर लिहिलेल्या पट्ट्या कापून, फाडून नेता येतील अशा. आठवड्यात ऑफिसातून निरोप, भिंतीवर परवानगीशिवाय काही लावायचं नाही. काढला. आता तो ॲप्रनच्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय, आणि दार उघडंच ठेवतो. काल बघितलं तर चारच पट्ट्या उरल्या होत्या.