कृष्णेत पोहणाऱ्याची मालवणात जिरली

सांगलीचा माणूस, त्यामुळं पोहायला कृष्णेतच शिकलो, पाठीला वाळका भोपळा बांधून, मग मालवणला स्नॉर्कलिंग म्हटल्यावर मला वाटलं यात काय एवढं. मी, बायको, ताई आणि दाजी, पहाटे चारला गाडी काढली, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट करत मालवणच्या जेटीवर.

बोट सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ थांबली. मास्कमध्ये नाक बंद, श्वास तोंडातल्या नळीतून, आणि चाळीस वर्षांची सवय काय लगेच जातीय होय, पहिल्याच झटक्याला घशात खारट पाणी. मग मी नदीतल्यासारखे दणादण पाय मारायला लागलो तर बोटीवरचा पोरगा ओरडला, "पाय मारू नको, खाली जीव आसा!" मला वाटलं माझ्याच जिवाला काहीतरी झालं! तो म्हणत होता खालच्या पोवळ्यांबद्दल.

आईच्या बोटात मंगळाची पोवळ्याची अंगठी आहे, तसलंच लालभडक काहीतरी खाली दिसणार असं डोक्यात होतं. दागिन्यातलं ते पोवळं वेगळ्या जातीचं, भूमध्य समुद्रातलं वगैरे. इथलं मातकट, हिरवट, काही तर चक्क कोबीच्या गड्ड्यासारखं. दगड वाटतो पण वरचा थर म्हणजे हजारो बारके प्राणी एकाला एक चिकटून, त्यांच्या अंगात शेवाळ राहतं आणि तेच त्यांना खायला घालतं, पाणी जास्त तापलं की शेवाळ बाहेर पडतं आणि सगळं पांढरं पडतं. वाढ इतकी सावकाश की माझ्या एका लाथेनं कितीतरी वर्षांचं काम मोडलं असतं. मग हातपाय सोडून गप तरंगलो, आणि तेव्हा कुठं मासे जवळ आले.

एक मात्र खटकलं. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे, मला पाय मारू नको म्हणणाऱ्यांनी नांगर मात्र तिथंच टाकला, वर माशांना ब्रेडचे तुकडे. फोटोत मासे यायला पाहिजेत ना गिऱ्हाईकाच्या!

दाजींनी स्कूबा केलं, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून खोल बुडी. नाक दाबून हवा फुंकून कानातला दाब सारखा करायचा वगैरे सगळं नीट शिकले, खाली गेले, खूश झाले आणि गाइडला अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या', बरं चाललंय सांगायला बोटाचा गोल करायचा असतो. गाइडनं दोन मिनिटांत वर आणलं. दाजींनी परत अंगठा दाखवला, यावेळी रागानं.

घाट चढून राधानगरी येईपर्यंत ते एकच म्हणत होते, निम्मे पैसे परत मागायला पाहिजे होते.