तापीच्या तोंडाशी पोर्तुगीजांचा नाका

मागच्या महिन्यात मामांसोबत मिरचीची गाडी घेऊन सुरतेला गेलो होतो. नंदुरबारहून निघालो, नवापूर, मग सोनगड, व्यारा, बारडोली. वाटेत टोलनाका आला तसा ड्रायव्हर म्हणाला, "नाका टाळीसन जाऊत ना भो", त्याला आतला एक रस्ता माहिती होता, पण मामा नको म्हणाले. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य राहिलंच, कारण त्या दिवसांत मी पोर्तुगीजांबद्दल बरंच वाचत होतो आणि मला वाटलं अरे, यांचं अख्खं साम्राज्य म्हणजे समुद्रावरचा टोलनाकाच की.

शाळेत आपल्याला काय शिकवलं? १४९८ ला वास्को द गामा कालिकतला आला, १५१० ला आल्बुकर्कनं गोवा घेतला, झालं. पुढचं कुणी समजावून सांगत नाही. पोर्तुगाल तेव्हा दहा-बारा लाख लोकांचा देश, एवढ्या माणसांत ते हिंदुस्थान कुठून जिंकणार, आणि त्यांना जमीन फारशी नकोच होती, मोक्याची बंदरं हवी होती. गोव्यानंतर १५११ ला आजच्या मलेशियातलं मलाक्का, १५१५ ला होर्मुझ, म्हणजे इराणच्या आखाताचं तोंड. तोफा असलेली जहाजं फिरवायची आणि सगळ्यांना सांगायचं की आमचा परवाना घ्या. त्या परवान्याला कार्ताझ म्हणायचे. तो घ्यायचा, वर त्यांच्या बंदरात थांबून जकात भरायची, नाहीतर जहाज माल-माणसांसकट जप्त. आणि ज्या समुद्रावर गुजराती, अरब व्यापारी कित्येक शतकं कुणाला न विचारता ये-जा करत होते तिथे हे चाललं होतं, हे मला आजही पटत नाही.

आता तुम्ही म्हणाल यात खान्देशचा काय संबंध. संबंध आहे आणि तो मोठा आहे. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात गेलं पण ती जुन्या खान्देशची राजधानी, फारुकी सुलतानांची, १६०१ मध्ये असीरगडचा किल्ला पडल्यावर सगळा खान्देश मुघलांकडे गेला. तिथं विणलेली तलम मलमल, जरीच्या पट्ट्यांचं कापड, पार इराण, तुर्कस्तान, कैरो, पोलंडपर्यंत जायचं. हे त्याच शतकात या वाटेनं गेलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए लिहून गेलाय. त्याच्या मुक्कामांची नावं वाचताना मला भरून आलं, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर! नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असंही लिहिलंय त्यानं. म्हणजे आम्ही मिरची घेऊन गेलो त्याच वाटेनं हे कापड बैलांवर, गाड्यांवर सुरतेला जायचं आणि तिथून जहाजावर चढायचं. आणि जहाज सुटलं की पुढे नाका.

सगळ्यात वाईट प्रकार झाला १६१३ मध्ये. रहीमी नावाचं भलंमोठं जहाज होतं, जहांगीर बादशहाच्या आईच्या मालकीचं, हजला जाणारे लोक नेणारं. त्याच्याकडे कार्ताझ होता. पैसे भरलेले, कागद बरोबर, तरी पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ पकडलं आणि माल, प्रवाशांसकट गोव्याला नेलं. कारण काय तर मुघल इंग्रजांना सुरतेत पाय ठेवू देत होते त्याचा राग. अरे पण ज्यानं टोल भरलाय त्यालाच लुटलं तर उद्या टोल भरणार कोण? जहांगीर भयंकर चिडला, दमणला वेढा घालायला लावला, पाद्र्यांची चर्च बंद केली.

इंग्रजांना तर हेच पाहिजे होतं. एक वर्ष आधी, नोव्हेंबर १६१२ मध्ये, सुवाळीला थॉमस बेस्टच्या दोन जहाजांनी पोर्तुगीजांच्या चार मोठ्या गलबतांना मागे सारलं होतं. सुवाळी म्हणजे कुठं तर तापीच्या मुखाजवळ. आपल्या नंदुरबारकडच्या प्रकाशा गावाच्या घाटावरून जे पाणी वाहत जातं ते तिथं समुद्राला मिळतं. मग १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुरतेला उतरला आणि नोव्हेंबरात बुऱ्हाणपूरला जाऊन जहांगीरचा मुलगा शहजादा परवेझ याला भेटला, तिथून पुढे जहांगीरकडे अजमेरला. म्हणजे समुद्रावरचे जुने नाकेवाले मागे पडत होते आणि पुढचे मालक आपल्याच खान्देशातून चालत चालले होते, कुणाला कल्पना तरी असेल का तेव्हा.

बरं डचांनी तर आमच्या ड्रायव्हरनं सुचवलं तेच केलं. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला की भारताकडे न येता खाली दक्षिणेच्या जोरदार वाऱ्यांत शिरायचं आणि तसंच सरळ पूर्वेला जाऊन मग वर जावाला. हा रस्ता १६११ मध्ये सापडला. नाका लागलाच नाही. त्यात १५८० पासून साठ वर्षं पोर्तुगालवर स्पेनचा राजा बसलेला, त्यामुळे स्पेनचे शत्रू ते यांचेही शत्रू. १६२२ ला होर्मुझ गेलं, १६४१ ला मलाक्का, १६५६ ला कोलंबो, १६६३ ला कोची. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली ते आपल्याला पाठच आहे. गोवा मात्र १९६१ पर्यंत धरून बसले.

सुरतेत माल उतरल्यावर मामांना म्हटलं सुवाळीला जाऊन येऊ, इतक्या लांब आलोय. गेलो. चिखलाचा किनारा, लांबवर कारखान्यांची धुरांडी, पाणी गढूळ. लढाईबद्दल काही दिसलं नाही मला तिथं. मामांनी विचारलं इथं काय बघायचं, तर मी त्यांना रहीमीपासून सगळं सांगत बसलो, आणि ते शांतपणे ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "आन् त्या जहाजावरच्या लोकायचं काय झालं?"

घरी आल्यापासून तेच शोधतोय.